पडल्या म्हणून बसवून ठेवू नका

प्रश्न : सासूबाईंचं वय ७२. गेल्या वर्षी त्यांच्या डाव्या स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं, मग केमो. शेवटची बारा इंजेक्शनं पॅक्लिटॅक्सेलची होती, दर आठवड्याला एक. ती संपून चार महिने झाले. आता लेट्रोझोलची गोळी रोज चालू आहे, ब्लडप्रेशरची जुनी गोळी आहेच. डॉक्टर म्हणतात, रिपोर्ट उत्तम आहेत. पण त्या मध्यंतरी दोनदा पडल्या. एकदा सकाळी बेसिनपाशी तोंड धुताना, एकदा न्हाताना, डोक्यावरून पाणी घेत असताना. तिसऱ्यांदा पडल्या ते त्यांनी सांगितलंच नाही. पाठीवर काळानिळा डाग दिसला म्हणून विचारलं, तेव्हा कळलं की रात्री बाथरूमला उठल्या होत्या. म्हणतात, "तळवे बधिर झालेत, पायाखाली जमीन कळतच नाही." शेजारच्या काकू म्हणतात अशक्तपणा आहे, टॉनिक द्या, तळव्यांना तेल चोळा. माझ्या नवऱ्याने घाबरून सगळंच बंद केलंय. स्वयंपाक नाही, पूजा नाही, जिना उतरायचा नाही. ऑनलाइन वॉकर मागवला, तो कोपऱ्यात उभा आहे. सासूबाई दिवसभर पलंगावर बसून असतात, फारसं बोलत नाहीत. आमचं बरोबर चाललंय का? आणि त्या पुन्हा पूर्वीसारख्या चालतील का?
– एक सून, सातारा

उत्तर : तोंड धुताना, डोक्यावरून पाणी घेताना आणि रात्री अंधारात. तुमच्या पत्रातला हा मजकूर मी पुन्हा पुन्हा वाचला. तिन्ही वेळा सासूबाईंचे डोळे एक तर मिटलेले होते, नाही तर त्यांना दिसत नव्हतं. दिवसाउजेडी घरात वावरताना पडल्याचं तुम्ही कुठे लिहिलेलं नाही. तुम्ही सहज लिहून गेलात, पण डॉक्टरांना सांगायला याहून उपयोगाची माहिती नाही.

उभं राहताना आपला तोल तिघं मिळून सांभाळतात: डोळे, कानाच्या आतला तोलाचा अवयव आणि पाय. वजन टाचेवर आहे की चवड्यावर, फरशी ओली आहे की उताराची, ही खबर तळवे आणि घोटे मेंदूला क्षणोक्षणी देत असतात. पॅक्लिटॅक्सेल कॅन्सरच्या पेशींवर काम करतं, तसंच ते नसांनाही इजा करतं. शरीरातल्या सगळ्यांत लांब नसांना, म्हणजे पायांच्या बोटांपर्यंत जाणाऱ्या नसांना, ती आधी जाणवते. म्हणून बधिरपणा बोटांपासून सुरू होऊन मोजा चढवावा तसा वर सरकतो. सासूबाईंच्या पायांची खबर अर्धवट पोचते आणि ती उणीव त्यांचे डोळे भरून काढतात. तोंडाला साबण लावून डोळे मिटले की तोही आधार सुटतो, आणि शरीर कलतंय हे कळेपर्यंत उशीर झालेला असतो. एकोणिसाव्या शतकात बर्लिनचे डॉक्टर मोरिट्झ रोमबर्ग यांनी मज्जारज्जूच्या आजाराचे रुग्ण डोळे मिटताच डोलू लागतात हे नोंदवून ठेवलं. आजही डॉक्टर रुग्णाला पाय जुळवून उभं करतात, डोळे मिटायला सांगतात आणि बघतात, ती तपासणी त्यांच्याच नावाने ओळखली जाते. ही घरी करून बघू नका. पडल्या तर धरायला सराईत माणूस लागतो.

तेव्हा काकूंचं 'अशक्तपणा' हे निदान सोडून द्या. आणि डॉक्टर 'रिपोर्ट उत्तम' म्हणाले ते कॅन्सरबद्दल. ती फार मोठी गोष्ट आहे, तिचा आनंद मानायलाच हवा. पण पायांबद्दल त्यांना कुणी विचारलं नसेल आणि सासूबाईंनीही सांगितलं नसेल. केमो घेणाऱ्या कितीतरी बायका बधिरपणाबद्दल अवाक्षर काढत नाहीत. आधी भीती असते की सांगितलं तर औषध कमी करतील, मग भीती असते की आजार परत आलाय असं निघेल. तुम्ही स्पष्ट सांगा, आणि पाय तपासायला सांगा. अंगठ्यावर ट्यूनिंग फोर्क टेकवून कंप कळतो का ते बघतात, अंगठा वर-खाली हलवून डोळे मिटलेल्या माणसाला त्याची दिशा सांगता येते का ते बघतात. पाच-दहा मिनिटांचं काम आहे.

पूर्वीसारख्या चालतील का, याचं खरं उत्तर असं. पॅक्लिटॅक्सेल थांबल्यावर बऱ्याच जणांचा बधिरपणा काही महिन्यांत हळूहळू उतरतो. काहींचा थोडा राहतो, काहींचा वर्षानुवर्षं राहतो. मेलेली संवेदना परत आणणारं औषध आज नाही. पायांत आग होत असेल, मुंग्या-वेदना असतील, तर ड्युलॉक्सेटीन नावाची गोळी डॉक्टर देऊ शकतात. ती वेदनेवर आहे, बधिरपणावर नाही. बी-१२ मात्र रक्तात तपासून घ्याच. पूर्ण शाकाहारी माणसांत आणि मधुमेहासाठी वर्षानुवर्षं मेटफॉर्मिन घेणाऱ्यांत ते कमी असण्याची शक्यता बरीच असते, आणि त्यानेही नेमके असेच पाय बधिर होतात. कमी निघालं तर इंजेक्शनाने किंवा गोळीने भरून काढता येतं. साखरही तपासा, केमोसोबत दिलेल्या स्टिरॉइडने ती वाढलेली असू शकते. पण एवढं नक्की, की बधिरपणा थोडा राहिला तरी तोल सुधारता येतो. उरलेल्या खबरीवर चालायला मेंदू शिकतो. त्याला सराव मात्र द्यावा लागतो, आणि इथेच तुमच्या घरात आत्ता उलटं चाललंय.

तुमच्या यजमानांना मी दोष देत नाही. आई तीनदा पडली की मुलाचं काळीज हलतं, आणि हातात येईल ते बंद करणं हाच त्याला उपाय वाटतो. पण त्यांना हे वाचून दाखवा: सुदृढ वृद्धांना १० दिवस अंथरुणात ठेवून अमेरिकेत एक अभ्यास झाला होता. त्यात त्यांच्या पायांतलं स्नायूंचं वजन सुमारे एक किलोने घटलं. दहा दिवसांत, आणि तेही निरोगी माणसांचं. सासूबाईंच्या मांड्यांचे स्नायू केमो आणि स्टिरॉइडने आधीच झिजलेले असणार. त्यांना पलंगावर बसवून ठेवलं तर आज ज्या डोळे मिटल्यावर पडतात, त्या दोन महिन्यांनी डोळे उघडे असताना खुर्चीतून उठताना पडतील.

दुसरी गोष्ट सांगायला मला जड जातंय, पण सांगते. तिसरं पडणं त्यांनी लपवलं, कारण पहिल्या दोन वेळांनंतर त्यांच्याकडून काय काय काढून घेतलं जातं हे त्यांनी पाहिलं. आता तर सगळंच काढून घेतलंय. चौथ्या वेळी त्या सांगतील असं तुम्हाला वाटतं का? घरात एक नियम करा आणि तो यजमानांनीच आईंना सांगू दे: "आई, पडलीस तर सांग, काहीही बंद करणार नाही, फक्त कशामुळे ते शोधू." पडल्याचं सांगितल्यावर रागावायचं नाही, "सांगितलं होतं ना" म्हणायचं नाही.

आता रात्रीच्या पडण्याकडे वळू. तिथे अंधाराबरोबर ब्लडप्रेशरचाही हात असू शकतो. वय झालं की उठून उभं राहताना प्रेशर घसरतं. त्यात केमोमध्ये वजन उतरलं असेल तर पूर्वी ठरवलेला गोळीचा डोस आज जास्त होत असेल. मशीन घरी असेल तर उजव्या हातावर मोजा, डाव्या बाजूचं ऑपरेशन झालंय म्हणून. आधी पाच मिनिटं आडवं झोपवून, मग उभं राहिल्यावर एका मिनिटाने आणि तीन मिनिटांनी. बाजूला कुणी तरी उभं राहा. वरचा आकडा २० किंवा त्याहून जास्त घसरला, किंवा खालचा १० ने घसरला, तर आकडे लिहून डॉक्टरांना दाखवा. गोळी मात्र स्वतःहून बंद करू नका. झोपेची गोळी चालू आहे का तेही बघा. अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम या गोळ्या आपल्याकडे वर्षानुवर्षं चालू राहतात आणि रात्री उठताना माणसाला पाडतात. त्याही एकाएकी थांबवायच्या नसतात, डॉक्टर हळूहळू कमी करतात. कूस बदलल्यावर खोली गरगर फिरते असं त्या सांगत असतील तर तो कानाचा वेगळा त्रास आहे आणि त्यावर सोपा इलाज आहे, तेही सांगा. पण अचानक पाठीत जोरात दुखू लागलं, दोन्ही पायांतली ताकद जाऊ लागली किंवा लघवीवरचा ताबा गेला, तर त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा. तेव्हा 'केमोचाच बधिरपणा असेल' म्हणून थांबायचं नाही.

लेट्रोझोलबद्दल एक. ती गोळी आजार परत येऊ नये म्हणून आहे, ती घ्यायचीच. पण ती हाडं विरळ करते. डेक्सा नावाची हाडांची तपासणी झाली नसेल तर करून घ्या, ड जीवनसत्त्व आणि कॅल्शियमचं विचारा. पडणं आणि ठिसूळ हाड एकत्र आलं की खुबा मोडतो, आणि तो मोडला की उभं राहण्याची सगळी लढाई नव्याने सुरू होते.

व्यायामाला जागा तुमच्या घरात तयार आहे: स्वयंपाकघरातला ओटा. पक्का, हलत नाही, कमरेच्या वर येतो. न्यूझीलंडच्या ओटागो विद्यापीठात १९९० च्या दशकात वृद्धांसाठी घरी करायचा व्यायामाचा एक कार्यक्रम तयार झाला. पायांची ताकद आणि तोल, आठवड्यातून तीन वेळा, अर्ध्या तासाच्या आसपास, शिवाय चालणं. त्याच्या चाचण्यांमध्ये पडण्याचं प्रमाण सुमारे ३५ टक्क्यांनी घटलं. त्यात यंत्र नाही, जिम नाही. फिजिओथेरपिस्टकडून एकदा बघून-शिकून घ्या, पण स्वरूप कळावं म्हणून सांगते.

ओट्याकडे तोंड करून दोन्ही हात टेकवायचे. टाचा उचलून चवड्यांवर यायचं, हळूच खाली. मग चवडे उचलून टाचांवर. मग ओट्याच्या कडेकडेने खेकड्यासारखं आडवं चालायचं, या टोकापासून त्या टोकापर्यंत आणि परत. मग एका पायाची टाच दुसऱ्याच्या अंगठ्याला लावून एका रेषेत उभं राहायचं, दहा सेकंद. सुरुवातीला हे दहा सेकंद जमणार नाहीत, चालेल. डोळे उघडे, नजर समोर. खरी प्रगती हातांवरून मोजायची. पहिल्यांदा दोन्ही तळहात ओट्यावर दाबून धरलेले असतील. काही दिवसांनी एकच हात पुरेल. मग नुसती दोन बोटं टेकलेली. त्या दोन बोटांवर वजन काहीच नसतं, तरी तोल सुधारतो, कारण पाय जे सांगत नाहीत ते बोटं मेंदूला सांगतात. तुम्ही मागे नाही, बाजूला उभ्या राहा, हात त्यांच्या कमरेजवळ, न धरता.

याच कारणासाठी मला त्यांच्या हातात काठी बघायला आवडेल. काठी म्हणजे म्हातारपण असं त्यांना वाटत असेल, तर हे सांगा की बधिर पायांच्या माणसाला काठी जमिनीची खबर हातात आणून देते. वॉकर लागेल की काठी पुरेल, ते फिजिओथेरपिस्टला बघून ठरवू दे. ऑनलाइन आलेला वॉकर बहुतेक वेळा उंचीला चुकीचा असतो. सरळ उभं राहून हात खाली सोडले की मनगटाची घडी जिथे येते, तिथे मूठ हवी. तुमचा तसा आहे का बघा.

पायांत ताकद किती आहे हे घरी कळू शकतं. बिनहाताची खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा, हात छातीवर घडी घालून ३० सेकंदांत किती वेळा पूर्ण उभं राहून बसता येतं ते मोजा. त्यांच्या वयाच्या बाईला दहापेक्षा कमी जमलं तर ताकद वाढवायला हवी. हात न टेकता एकदाही उठता आलं नाही तर मोजणी तिथेच थांबवा. मग आधी खुर्चीवर उशी ठेवून, हात टेकून उठण्याचाच सराव. आणि स्नायू हवेत बनत नाहीत. किडनीचा त्रास नसेल तर त्यांच्या वयाला किलोमागे एक ते सव्वा ग्रॅम प्रथिनं रोज हवीत, म्हणजे ५० किलो वजनाला साधारण ५० ते ६२ ग्रॅम. एका अंड्यात सहा ग्रॅम असतात, पेलाभर दुधात तितकीच, वाटीभर वरणात तेवढीही धरू नका. चहा-बिस्किटावर दिवस काढणाऱ्या बाईला हे गणित जुळत नाही. टॉनिकचे पैसे दूध, दही, अंडी, उसळीवर घाला.

घरात सगळ्यात आधी न्हाणीघर. तिथे टॉवेलच्या दांडीला धरून उठण्याची सवय जवळजवळ प्रत्येक घरात असते, आणि ती दांडी टाइलमध्ये बोटभर स्क्रूवर लटकलेली असते. त्यांचं पूर्ण वजन आलं की ती हातात येईल. भिंतीत खोल फास्टनर ठोकून स्टीलचे पक्के दांडे बसवून घ्या, एक कमोडपाशी, एक आंघोळीच्या जागी, एक बेसिनशेजारी; आणि बसवून झाल्यावर यजमानांनी स्वतः त्याला लोंबकळून बघावं. आंघोळ बसूनच. पाट फार खाली, त्यावरून उठताना तोल जातो, आणि हलकं प्लॅस्टिकचं स्टूल सरकतं; रबरी बूच असलेली जड खुर्ची घ्या. तोंड धुतानाही बेसिनपुढे खुर्ची, किंवा निदान एक हात दांड्यावर. दाराबाहेरचं जुनं मऊ पायपुसणं काढून रबरी पाठीचं ठेवा.

पायांत घरातही चप्पल हवी. घरात चप्पल घालायची नाही हा त्यांचा जन्माचा नेम असेल, म्हणून बाहेर कधीच न जाणारी नवी जोडी आणा, मागे पट्टा असलेली, तळ पातळ आणि न घसरणारा. हवाई चप्पल किंवा सपाता नकोत, बधिर पायातून त्या कधी निसटल्या ते कळतही नाही. मॅक्सी जमिनीला लागत असेल तर खालून दुमडून वीतभर उंच करून घ्या. पलंग ते बाथरूम रात्रभर दिवा जळू दे.

काकूंच्या तेलाला माझी हरकत नाही. बरं वाटतं, आणि कुणी पायाशी बसून हात फिरवतंय हेही त्यांना आत्ता हवंच आहे. पण आंघोळीच्या आधी नको, तेलकट तळवे ओल्या फरशीवर म्हणजे चौथं पडणं ठरलेलं. रात्री चोळा, बोटांच्या बेचक्यांसकट पुसून काढा, आणि तेव्हाच तळवे नीट बघा: भेग, फोड, टोचलेलं काही. त्यांना ते कळणार नाही. गरम पाण्याची पिशवी पायांना लावू नका, आंघोळीचं पाणी दुसऱ्या कुणी तरी हात घालून बघावं.

पूजा उद्यापासून सुरू करा. देव्हारा खाली असेल तर टेबलावर घ्या आणि पुढे खुर्ची ठेवा. ओट्यापाशी उभं राहून कोशिंबीर करू दे, कणीक मळू दे. फोडणी आणि गरम तेल तेवढं तुमच्याकडे. बोटंही बधिर असतील तर विळी-सुरी सांभाळून. जिना कठड्याला धरून, उतरताना तुम्ही एक पायरी खाली.

आणि तरीही पडल्या तर ओढून उठवू नका, डाव्या हाताला धरून तर नाहीच. आधी पडल्या पडल्या श्वास घेऊ दे. खुब्यात दुखतंय, किंवा एक पाय आखूड आणि बाहेर वळलेला दिसतोय, तर उभं करायचं नाही, १०८ ला फोन करायचा. डोक्याला लागलं असेल आणि रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर लगेच हॉस्पिटल. गोळी नसली तरी पुढचे काही आठवडे डोकं दुखणं, गुंगी, बोलण्यात गोंधळ याकडे लक्ष ठेवा, मेंदूबाहेरचा रक्तस्राव उशिरानेही कळतो. काही लागलं नसेल तर कुशीवर वळायचं, हातागुडघ्यांवर यायचं, रांगत पक्क्या खुर्चीपर्यंत जायचं, मग एक पाय पुढे रोवून उठायचं. हे बरं असताना सतरंजीवर शिकवून ठेवायचं असतं. मोबाइल गळ्यातल्या पिशवीत असू दे, रात्रीसुद्धा.

पुढच्या तपासणीला जाताना घरातल्या सगळ्या गोळ्या एका पिशवीत घालून न्या, काकूंच्या सांगण्यावरून आणलेल्यासुद्धा. तिन्ही पडणं कागदावर लिहा: केव्हा, काय करताना, डोळे उघडे होते का, उठल्यावर किती वेळाने, चक्कर आली होती का. उत्तरं सासूबाईंनाच देऊ द्या, तुम्ही मध्ये बोलू नका. आणि निघायच्या आधी फिजिओथेरपीसाठी चिठ्ठी मागून घ्या. न मागता ती मिळेलच असं नाही.